खोली बांधण्याआधी वही उघडा

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत केलेलं हे भाषण. ज्या सदस्यांना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे छापत आहोत.)



अध्यक्षताईंनी मला सांगितलं, "पर्यटनावर दोन शब्द बोला." मी म्हटलं, पर्यटनावर बोलायला मी काही साहेब नाही. त्या म्हणाल्या, "म्हणूनच बोला. यंदा आपल्याकडे पर्यटकांच्या खोल्यांसाठी कर्ज मागणारे अर्ज आलेत. तुम्ही तसं कर्ज काढलं होतं. काय झालं ते सगळ्यांना कळू दे."

म्हणून उभी राहिले आहे. आधी माझं सांगते, मग देशाचं.

माझं घर दापोली तालुक्यात, समुद्राजवळ. घरामागे नारळ-सुपारीची वाडी. दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना द्यायचो. सकाळी घावणे-चटणी, दुपारी मासे, सोलकढी. २०१८ ची दिवाळी आणि २०१९ चा मे महिना असा गेला, की फोनवर "जागा नाही हो" म्हणून म्हणून तोंड दुखलं. परत पाठवलेला प्रत्येक पाहुणा म्हणजे गेलेले पैसे, असं वाटायचं. मग हिशोब सोपा होता ना? आणखी दोन खोल्या बांधायच्या. गटातून थोडं आणि बँकेतून थोडं, असे मिळून तीन लाख काढले.

खोल्या फेब्रुवारी २०२० मध्ये तयार झाल्या. नव्या खोलीतले पहिले पाहुणे गुढीपाडव्याला येणार होते. तो पाडवा होता २५ मार्चला. त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. मे महिना रिकामा गेला. आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. वाडीतल्या अर्ध्याहून जास्त सुपाऱ्या आडव्या झाल्या, नव्या खोल्यांचे पत्रे उडाले. पाहुण्यांचं उत्पन्न गेलं आणि ज्या वाडीच्या भरवशावर हप्ता भरला असता, ती वाडीही गेली. सुपारीचं रोप लावलं तर फळ धरायला पाच-सहा वर्षं जातात, हे तुम्हाला सांगायला नको.

माझा हप्ता थकला. आणि गटातला हप्ता थकला म्हणजे तो एकटीचा राहत नाही. आमच्या गटातल्या एका ताईला लेकीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी अंतर्गत कर्ज हवं होतं. तिचा नंबर लागला होता. पण पेटीत पैसे नव्हते, कारण ते माझ्या भिंतीत जाऊन बसले होते. तिने दागिना गहाण टाकला. मला ती कधी एक शब्द बोलली नाही. पुढे पाहुणे यायला लागले, तेव्हा घावणे करायला मदतीला आली तीच. पण मला ते आजही टोचतं. माझं कर्ज आता फिटलंय. तरी सांगते, माझी चूक वादळ आलं ही नव्हती. वादळ कोणाच्या हातात नसतं. माझी चूक ही, की मी दिवाळी आणि मे महिना बघून बारा महिन्यांचं कर्ज काढलं.

त्यानंतर मला सवय लागली. पेपरात पर्यटकांचा आकडा दिसला की कापून ठेवायचा. लेकाकडून मोबाईलवर शोधून घ्यायचे. त्यातून जे समजलं ते सांगते.

सरकार दर वर्षी आकडे देतं. २०१९ मध्ये देशातल्या लोकांच्या देशातच २३२ कोटी पर्यटन-भेटी झाल्या. २०२० मध्ये त्या ६१ कोटींवर आल्या. २०२३ मध्ये पुन्हा २५० कोटींवर गेल्या. परदेशातून येणारे पाहुणे २०१९ मध्ये सुमारे १ कोटी ९ लाख होते, २०२० मध्ये २७ लाख, २०२१ मध्ये तर १५ लाखच. २०२३ मध्ये ते ९५ लाखांपर्यंत आले, म्हणजे अजून पहिल्याइतके नव्हते. देशातले लोक लवकर परतले, परदेशी उशिरा. ज्या गावांचा धंदा परदेशी पाहुण्यांवर होता, त्यांना जास्त वाट बघावी लागली.

आता तुम्ही म्हणाल, देशात माणसं दीडशे कोटींच्या आत आणि भेटी अडीचशे कोटी कशा? कारण ही मोजणी माणसांची नाही, भेटींची आहे. एक बाई वर्षात पंढरपूरला गेली, तिरुपतीला गेली आणि काशीला गेली, तर तीन भेटी झाल्या. तेव्हा "देशात पर्यटन एवढं वाढलं" असं कोणी सभेत सांगितलं, तर टाळी जरूर वाजवा, पण त्या आकड्यावर आपल्या गावात वीट चढवू नका. देशाचा आकडा हा सगळ्यांचा मिळून असतो. डोंगराची, वाळवंटाची, जंगलाची, घाटाची, किनाऱ्याची, प्रत्येक भूमीची भरती-ओहोटी वेगळी असते.

वरून सुरुवात करू. हिमालय. चारधामची यात्रा अक्षय्य तृतीयेच्या सुमारास सुरू होते आणि केदारनाथाचं दार भाऊबीजेला बंद होतं. मग सहा महिने बर्फ. तिथल्या खेचरवाल्यांनी, चहाच्या टपऱ्यांनी, खोल्या देणाऱ्या घरांनी सहा महिन्यांत वर्षाचं कमवायचं. त्यात १६-१७ जून २०१३ ला केदारनाथला महापूर आला. त्याआधीच्या वर्षी, २०१२ मध्ये, साडेपाच लाखांहून जास्त यात्रेकरू आले होते. २०१४ मध्ये आले जेमतेम ४१ हजार. पुढे रस्ते, वाटा, सोयी झाल्या आणि २०१९ मध्ये आकडा दहा लाखांवर गेला. २०२० मध्ये दीड लाखाच्याही खाली आला. २०२३ मध्ये एकोणीस लाखांच्या वर! देऊळ तेच, डोंगर तोच. पण दहा-बारा वर्षांत आकडा किती वेळा खाली-वर झाला बघा. ज्याने २०१२ च्या गर्दीवर कर्ज काढलं असेल, त्याचं २०१४ मध्ये काय झालं असेल?

काश्मीरचं तर अजून ताजं आहे. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला पर्यटकांवर हल्ला झाला. २६ माणसं गेली, त्यात आपल्या महाराष्ट्रातले सहा जण होते. त्यानंतर तिथली चाळीसहून जास्त पर्यटनस्थळं काही काळ बंद ठेवली. ऐन हंगामात लोकांनी जायचं रद्द केलं. शिकारा चालवणाऱ्याचा, घोडेवाल्याचा, शाली विणणाऱ्या घराचा यात काय दोष? पण भीतीला कोणाचा दोष बघायचा नसतो. भीती एका दिवसात येते आणि जायला वर्षं लागतात.

आता कच्छचं रण. पावसाळ्यात तिथे पाणी भरतं, ते आटलं की मीठ उरतं आणि मैलोन्‌मैल पांढरी जमीन दिसते. लोक येतात ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी, त्यातही पौर्णिमेच्या रात्री. २००५ पासून तिथे रणोत्सव भरतो. त्या हंगामात भरतकाम करणाऱ्या बायकांच्या हाताला गिऱ्हाईक मिळतं. पण पाऊस लांबला आणि पाणी उशिरा आटलं, तर पांढरं रणही उशिराच दिसतं. आणि उन्हाळ्यात तिथे कोण जाणार?

तोच उन्हाळा जंगलात उलटा. आपल्या चंद्रपूरच्या ताडोब्यात मे महिन्यात अंग भाजतं, तरी लोक येतात, कारण पाणवठ्यावर वाघ दिसतो. पावसाळा लागला की जुलै ते सप्टेंबर गाभ्याचं जंगल बंद. शिवाय एका गेटमधून किती जिप्सी सोडायच्या, हे ठरलेलं असतं. म्हणजे वाघ कितीही गाजला, तरी पर्यटकांची संख्या एका रेषेपुढे जाऊ शकत नाही. गेटजवळच्या गावात खोल्या वाढल्या म्हणून जिप्सी वाढत नाहीत. एवढं लक्षात आलं, तरी पुष्कळ कर्जं वाचतील.

आणि जंगल जेव्हा बंद असतं, किनारा जेव्हा रिकामा असतो, तेव्हा सह्याद्री भरतो. पावसाच्या तोंडावर अकोले तालुक्यात भंडारदऱ्याकडे काजवे बघायला झुंबड. मग धबधबे. मग ऑगस्टच्या शेवटापासून साताऱ्याच्या कास पठारावर फुलं. २०१२ मध्ये पश्चिम घाटातली ठिकाणं जागतिक वारसा यादीत आली, त्यात कासही होतं. नाव झालं, गर्दी झाली, फुलं तुडवली जायला लागली. मग रोज किती लोक सोडायचे याची मर्यादा आली, शुल्क आलं. काजव्यांचा हंगाम काही आठवड्यांचा, फुलांचा महिना-दीड महिन्याचा. आणि एखाद्या धबधब्यावर माणसं वाहून गेली, की दुसऱ्या दिवशी बंदीचा आदेश निघतो. तो निघायलाच हवा. पण मक्याची कणसं विकणाऱ्या बाईची टोपली त्या दिवशी तशीच परत जाते.

राहिला आपला किनारा. दिवाळीची सुट्टी, नाताळ ते नवीन वर्ष, थंडीतले शनिवार-रविवार आणि मे महिना. जून लागला की बोटी ओढून वर, जलक्रीडा बंद. गणपतीला आणि शिमग्याला घरं भरतात, पण ती चाकरमान्यांनी. आपली माणसं काही भाडं देऊन राहत नाहीत, उलट नारळ, कोकम, तांदूळ पिशवीत घालून द्यावे लागतात! (हसू नका, तुमच्या घरी पण तेच.)

म्हणजे बघा, बाराही महिने देशात कुठे ना कुठे गर्दी असतेच. पण एका जागी बाराही महिने गर्दी राहील, याचा भरवसा कुठेच नाही.

आणखी एक गोष्ट. आकडा कमी झाला की आपण रडतो, पण वाढल्यावरही रडायची पाळी येते. मे २०१८ मध्ये शिमल्यात पाण्याची एवढी टंचाई झाली, की गावातलेच लोक पर्यटकांना सांगायला लागले, सध्या येऊ नका. आपल्या गावाचं काय आहे? मे महिन्यात पाहुणे सगळ्यात जास्त आणि विहिरीला पाणी सगळ्यात कमी. एक पाहुणा दोनदा अंघोळ करतो, त्याच्या चादरी रोज धुवायच्या. ते पाणी कोण शेंदणार? आपणच. मग शेजारणीच्या हंड्याला पाणी पुरत नाही आणि भांडण होतं, तेही आपलंच. खोलीच्या अर्जात विहिरीचा रकाना असायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग काय, हा धंदाच करायचा नाही? नाही ताईंनो, तसं मी म्हणत नाही. मी आजही करते. पण बाकीच्या बायकांनी तो कसा केला, ते बघण्यासारखं आहे.

लडाखमध्ये हेमिस राष्ट्रीय उद्यानात रुंबक नावाचं लहानसं गाव आहे. तिथे बायका घरात पाहुणे ठेवतात. पाहुणा कोणाकडे जायचा, याची पाळी ठरलेली. आज या घरी, उद्या त्या घरी. त्यामुळे कोणी एकीने चार खोल्या बांधून बसायची गरज पडत नाही. आहे त्या घरातली एक खोली पुरते. हंगाम पडला तर सगळ्यांचं थोडं थोडं जातं, एकीचं सगळं जात नाही. पाळी लावणं आपल्याला काही नवीन नाही. भिशीपासून अंतर्गत कर्जापर्यंत आपण पाळीनेच चालतो.

केरळमध्ये आपल्यासारखंच गटांचं मोठं काम आहे, कुटुंबश्री. १९९८ मध्ये सुरू झालं. तिथल्या कुमरकम गावात, खाडीकाठी, मोठमोठी हॉटेलं आहेत. त्या हॉटेलांना भाजीपाला पुरवायचं काम गटातल्या बायकांनी घेतलं. खोली बांधली नाही, गादी घेतली नाही. पर्यटक आला तर भाजी हॉटेलात जाते, नाही आला तर बाजारात जाते. भाजीला दुसरं गिऱ्हाईक असतं. रिकाम्या खोलीला दुसरं गिऱ्हाईक नसतं.

आपल्या सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचत गटातल्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात. झाडं ओळखून दाखवतात, पक्षी दाखवतात. आणि आपल्या शेजारी, मंडणगड तालुक्यातलं वेळास तर तुम्हाला माहीत आहे. कासवाची पिल्लं समुद्रात जाताना बघायला फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत लोक येतात. परीक्षांचे दिवस, एरवी किनाऱ्यावर मंदीच असते. कासव वाचवलं आणि हंगामात दोन महिने वाढले. पाहुणे घराघरात राहतात, घरचं जेवतात.

आता वहीकडे या. आपली पंचसूत्री सगळ्यांना पाठ आहे. त्यातलं शेवटचं सूत्र कोणतं? हिशोब लेखन. गटाची वही आपण नीट ठेवतो, पण पाहुण्यांची वही किती जणी ठेवतात? मी २०१९ पर्यंत ठेवत नव्हते. "गर्दी होती" एवढंच डोक्यात होतं. गर्दी कधी होती, किती रात्री होती, कशामुळे होती, काही लिहिलेलं नव्हतं.

एक उदाहरण घेऊ. तीन लाख कर्ज, पाच वर्षं मुदत, व्याज वर्षाला १२ टक्के. हप्ता येतो महिन्याला साधारण ६,७०० रुपये. वर्षाचे झाले ८०,४००. खोलीचं भाडं घेतलं १,५००, त्यातून नाश्ता, वीज, धुणं, गॅस, डागडुजी जाऊन हातात राहिले ७०० धरू. मग नुसता हप्ता निघायला वर्षाला किती वेळा खोली भरली पाहिजे? ८०,४०० भागिले ७००, म्हणजे ११५ रात्री.

आता दोन खोल्यांचा हंगाम मोजू. दिवाळीत ८ रात्री, दोन खोल्यांच्या १६. नाताळात तशाच १६. थंडीतले दहा शनिवार, २०. मे महिन्यात वीस रात्री, ४०. बाकी सटरफटर ८. बेरीज किती? शंभर. ऐकायला कसा भरगच्च हंगाम वाटतो, पण हप्त्याला पंधरा रात्री कमीच पडल्या. तुमच्या मेहनतीचा पैसा तर दूरच. आणि यात एकही वादळ धरलेलं नाही.

राज्य सरकारने २०२३ मध्ये महिलांसाठी "आई" हे पर्यटन धोरण आणलं. त्यात महिला उद्योजकांना पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज, बारा टक्क्यांच्या मर्यादेत, परत मिळण्याची सोय आहे. चांगली योजना आहे, अटी पर्यटन कार्यालयात नीट विचारून घ्या. आपल्या उदाहरणात व्याज गेलं तर महिन्याला मुद्दल ५,००० राहतं, वर्षाला ६०,०००. मग ८६ रात्री पुरतात आणि शंभरात हिशोब बसतो. पण "परतावा" हा शब्द नीट ऐका. आधी आपण भरायचं, मग ते परत येतं. आणि मुद्दल आपलंच असतं. पंधरा लाख मिळतात म्हणून पंधरा लाख काढायचे नसतात.

तेव्हा प्रभागसंघापुढे माझ्या चार सूचना आहेत.

एक. खोलीच्या कर्जाचा अर्ज घेण्याआधी त्या ताईने एक वर्ष पाहुण्यांची वही ठेवावी. तारीख, किती माणसं, किती रात्री, कुठून आले, आपल्याबद्दल कोणाकडून कळलं आणि खर्च जाऊन काय उरलं. घरी पाहुणे नसतील, तर गावात ज्यांच्याकडे येतात त्यांचं बघून लिहावं. आणि रिकामा आठवडाही लिहावा. रिकामा आठवडा हा वहीतला सगळ्यात महत्त्वाचा आकडा.

दोन. हप्ता हंगामाप्रमाणे बांधून द्यावा. मे आणि दिवाळीनंतर मोठा, पावसाळ्यात लहान. गटाच्या निधीतून कर्ज देताना हे आपल्याच हातात आहे, ठराव करता येईल.

तीन. चांगल्या महिन्यातला काही भाग "वाईट वर्षासाठी" म्हणून वेगळा ठेवावा. किमान तीन हप्ते बाजूला असल्याशिवाय नवीन गादीसुद्धा घेऊ नये.

चार. खोली बांधण्याआधी विचारावं, की खोली न बांधता काय करता येईल. कोकम, लोणची, भाकऱ्या, होडी, वाट दाखवणं, पाळीने आहे ती खोली देणं. किनाऱ्यावरच्या गटांना भाजी, तांदूळ, अंडी आतल्या गावांतल्या गटांनी पुरवली, तर पर्यटक समुद्रावरच राहील, पण त्याचा पैसा डोंगराच्या वाडीपर्यंत जाईल.

जिच्या लेकीचा प्रवेश माझ्यामुळे अडला होता, तिने दागिना सोडवला. लेक आता नर्स आहे. मागच्या महिन्यात ती ताई मला म्हणाली, "आता मी पण एक खोली काढू म्हणतेय."

मी म्हटलं, "काढ की. पण आधी वही काढ."

तिने काढली आहे. पहिल्या पानावर जून महिना आहे, आणि त्यात एकही पाहुणा नाही. तरी तिने ओळी आखून ठेवल्यात आणि प्रत्येक आठवड्यापुढे शून्य लिहिलंय. मला वाटतं, ताईंनो, तिची खोली उभी राहील आणि टिकेल.

अर्ज तुमच्यासमोर आहेत. नीट बघून ठरवा.